जुलाब थांबले, मग गुडघा का सुजला?

जुलाब थांबून पंधरा दिवस झाले. पोट ठणठणीत. आणि एका सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. संध्याकाळपर्यंत त्याच पायाचा गुडघाही फुगतो.

या दोन गोष्टींचा संबंध रुग्ण सहसा लावत नाही. विचारावं लागतं: महिन्याभरात जुलाब झाले? लघवीला जळजळ? नवीन लैंगिक संबंध? शेवटचा प्रश्न संकोचापायी राहतो, आणि निदान तिथेच निसटतं. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, यर्सिनिया हे आतड्यातले जंतू, किंवा लैंगिक संबंधातून येणारा क्लॅमिडिया. त्यांच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती साधारण १ ते ४ आठवड्यांनी सांध्यांवरच उलटते. हा रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस.

अशा रुग्णाचं सुजलेलं बोट जवळून पाहा. एकच पेर नाही, अख्खं बोट टोकापर्यंत सारखं सुजलंय. टाचेमागे पोटरीच्या स्नायूची जाड दोरी हाडाला मिळते, नेमकं तिथे दाबलं की रुग्ण पाय ओढून घेतो. डोळेही लाल असू शकतात. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

पण नाव देण्याआधी सुई. गरम, सुजलेल्या सांध्यातलं पाणी काढून पेशी, स्फटिक आणि कल्चर (जंतू वाढतात का, ते) तपासतात, शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. कारण आत पू असेल, तर काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खलास होते. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये या पाण्यात जंतू वाढत नाहीत. एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेची रक्ततपासणी मदतीपुरती. ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं होत नाही.

उपचारात पहिलं औषध सूज उतरवणारं, उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. दुखलं तरच एक गोळी घ्यायची आणि ‘गुण येत नाही’ म्हणायचं, ही नेहमीची चूक. सूज उतरायला डोस रोज, नियमित लागतो. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील, तर डॉक्टरांना न विचारता मुळीच नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं. विश्रांती हवीच, पण सांधा रोज हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा. नाहीतर मांडीचा स्नायू भराभर वाळतो.

अँटिबायोटिकने सांधा बरा होत नाही. क्लॅमिडिया सापडला, तर मात्र डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. जोडीदारालाही उपचार हवेत, नाहीतर तोच जंतू परत येतो.

कल्चर निर्जंतुक आलं, की हट्टी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. बहुतेकांची सूज काही महिन्यांत ओसरते. रेंगाळली, तर सल्फासॅलाझिन हे सूज दीर्घकाळ आटोक्यात ठेवणारं औषध, आणि त्यासोबत रक्तपेशी व यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी.