जुना नकाशा जुळवताय? किनाऱ्यावर टाचणी लावू नका!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकानं लिहिलंय, "कोल्हापुरात बसून समुद्राच्या गप्पा? रंकाळ्याचा नकाशा दाखव की." भावा, १८१२ पर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला करवीरच्या छत्रपतींकडंच होता. त्या साली इंग्रजांशी तह झाला आणि मालवण गेलं. समुद्र गेला, सुरमईची चटक तेवढी राहिली.

तर किनारा किती हलला हे बघायला जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा कसा? क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात जिओरेफरन्सर उघडा, जुन्या नकाशावरची जागा आणि आजची तीच जागा अशा चार-सहा जोड्या लावा, याच आपल्या टाचण्या. झालं. घोळ होतो तो जागा निवडताना.

किनाऱ्यावरची जागा घेऊ नका. खाडीचं तोंड नको, वाळूचं टोक तर मुळीच नको.

मी घेतलं होतं. तारकर्लीच्या पुढं देवबागचं टोक आहे ना, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं. नकाशात कसं अगदी ठसठशीत दिसतं! लावली टाचणी, दाबलं बटण. सिंधुदुर्ग किल्ला थेट मालवणच्या बाजारपेठेत! दोन रात्री मी जुन्या सर्व्हेवाल्याला शिव्या घालत होतो. त्याचं बरोबर होतं. वाळूच सरकली होती.

जरा विचार करा, आपण शोधतोय काय? किनारा किती हलला ते. आणि टाचणी किनाऱ्यालाच लावली, म्हणजे कॉम्प्युटरला आधीच सांगून टाकलं की हा हललेला नाही. ज्याच्यावर संशय, त्यालाच पंच नेमायचा होय?

"दादा, माझ्या गावचा किनारा खडकाळ आहे, मग चालेल?" नको रे बाबा! जुन्या सागरी नकाशात किनाऱ्याची रेघ साधारण भरतीची असते. तुमचा उपग्रहाचा फोटो ओहोटीचा असला तर? सपाट किनाऱ्यावर, मग तो खडकाळ का असेना, तेवढ्यानंच कितीतरी मीटरचा फरक पडतो. बुरूज घ्या, डोंगराचा माथा घ्या, जुनं देऊळ घ्या. तेही चारी कोपऱ्यांत पसरून, एकाच गावात गर्दी नको.

आणखी एक कॉमेंट, "नकाशा खोटा आहे, विजयदुर्गच नाही." आहे की, 'घेरिया' नावानं आहे. शेजारी गिर्ये गाव आहे, आता मोठ्यानं म्हणून बघा. १७५६ ची लढाईसुद्धा इंग्रजी कागदात घेरियाचीच. बाणकोट 'फोर्ट व्हिक्टोरिया' होतो, सिंधुदुर्ग १७६५ ला काही काळ 'फोर्ट ऑगस्टस' होतो. नाव सापडलं नाही की लगेच खोटा ठरवता, राव!

आणि पाण्यात छापलेले ते खोलीचे बारीक आकडे? बऱ्याच जुन्या इंग्रजी चार्टवर, म्हणजे सागरी नकाशांवर, ते फॅदममध्ये असतात. एक फॅदम म्हणजे सहा फूट, आपली वाव. पण आधी कोपऱ्यातली टीप वाचा, किनाऱ्याजवळच्या काही चार्टवर फूट असतात. वाव समजून फूट वाचलेत, तर गुडघाभर पाण्यात जहाज घालाल.

देवबागचं टोक तरीही कुणी पकडलंच, तर स्क्रीनशॉट टाका. माझ्या किल्ल्याला बाजारात सोबत होईल.