तारीख कोणाच्या हातात?

(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, देशात दंगे झाले, निवडणूक लांबली आणि शेवटी भांडणारे दोन्ही गट एकाच मंत्रिमंडळात बसले, अशी बातमी आली की आपल्याला हायसं वाटतं. शपथविधी होतो, गळाभेटी होतात. मी मात्र अशा वेळी आधी खातेवाटपाची यादी शोधतो. गृह कोणाकडे, अर्थ कोणाकडे? मग करार उघडतो आणि बघतो, पुढच्या निवडणुकीची तारीख त्यात आहे का, आणि ती हलवायचा अधिकार कोणाला. आजचं बोलणं मुख्यतः या तारखेबद्दल आहे.

पण खात्यांचा अनुभव आपल्या घरचाच आहे, म्हणून तो आधी. 1946 च्या ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटलं. 2 सप्टेंबरला नेहरूंचं हंगामी सरकार आलं आणि 26 ऑक्टोबरला मुस्लिम लीग त्यात सामील झाली. लीगला वजनदार खातं हवं होतं. वल्लभभाई गृह सोडायला तयार नव्हते, म्हणून अर्थ देऊ केलं. होरा असा की लीगवाल्यांना ते झेपायचं नाही. लियाकत अली खानांनी ते घेतलं, आणि पुढे काय झालं ते मौलाना आझादांनी लिहून ठेवलंय: अर्थखात्याच्या संमतीशिवाय पटेलांना शिपाईसुद्धा नेमता येईना. फेब्रुवारी 1947 च्या अंदाजपत्रकात लियाकत अलींनी एक लाखावरच्या व्यापारी नफ्यावर 25 टक्के कर सुचवला. काँग्रेसच्या पाठीराख्या उद्योगपतींना तो झोंबला, आणि काँग्रेसला उघड विरोधही करता येईना, कारण गरिबांच्या बाजूची भाषा तिचीच होती. एका मंत्रिमंडळात दोन सरकारं चालली होती. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे.

आता झिंबाब्वे. यावर जरा थांबतो, कारण इथे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

29 मार्च 2008 ला मतदान झालं. राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल लागायला महिन्याहून जास्त लागला. मतं मोजायला महिना! निकालात विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई यांना 47.9 टक्के, सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना 43.2 टक्के. कोणालाच निम्म्यापेक्षा जास्त मतं नाहीत, म्हणून 27 जूनला दुसरी फेरी ठरली. मधल्या काळात विरोधकांवर इतके हल्ले झाले की त्स्वांगिराईंनी माघार घेतली आणि मुगाबे एकटेच लढून जिंकले. मग दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी मध्यस्थी केली आणि 15 सप्टेंबरला करार झाला. (गंमत बघा, त्यानंतर आठवड्याभरात म्बेकींनाच स्वतःच्या देशात राजीनामा जाहीर करावा लागला.) पुढे पाच महिने घासाघीस चालली ती मुख्यतः गृहखात्यावरून. तोडगा काय निघाला? एका खात्याला दोन मंत्री, दोन्ही पक्षांचा एकेक. म्हणजे एकालाही निर्णय घेता येणार नाही. सैन्य मुगाबेंकडेच राहिलं. फेब्रुवारी 2009 मध्ये त्स्वांगिराई पंतप्रधान झाले. मंत्र्यांच्या शपथविधीच्या दिवशीच त्यांच्या पक्षाचे रॉय बेनेट यांना अटक झाली. ते कृषी उपमंत्री व्हायचे होते. मुगाबेंनी त्यांना अखेरपर्यंत शपथ दिली नाही.

अर्थखातं मात्र विरोधकांकडे आलं, तेंडाई बिटी यांच्याकडे. काय अवस्थेत? जुलै 2008 चा सरकारी महागाईचा आकडा वर्षाला 23 कोटी टक्क्यांच्या पुढे होता. शंभर लाख कोटींची एक नोट छापली गेली होती. कॉलऱ्याने चार हजारांवर माणसं गेली. देशाचं चलन बाजूला ठेवून अमेरिकन डॉलर आणि शेजारच्या देशांचा पैसा वापरात आला. सरकारी नोकरांना सरसकट महिना शंभर डॉलर मिळू लागले. बिटींनी तिजोरीत येईल तेवढंच खर्चायचं असा शिरस्ता घातला. दुकानांत माल आला, शाळा उघडल्या. श्रेय मात्र वाटलं गेलं, आणि दुष्काळ संपला की माणसं आधीचा राग विसरतात.

खरा घाव पुढे आहे. करारात राज्यघटना लिहिण्याचे टप्पे होते, निवडणुकीची पक्की तारीख नव्हती. 2013 मध्ये विरोधक म्हणत होते, आधी पोलीस, लष्कर, आकाशवाणी सुधारा, मग निवडणूक घ्या. न्यायालयाने 31 जुलैपर्यंत निवडणूक घ्या असा निकाल दिला, मुगाबेंनी लगोलग तीच तारीख जाहीर करून टाकली. शेजारी देशांनी थांबा म्हटलं तरी ऐकलं नाही. 61 टक्के मतं घेऊन मुगाबे परतले. त्स्वांगिराईंनी गैरप्रकाराचा आरोप केला, पण सरकार गेलेलं होतं. लांबलेल्या निवडणुकीबद्दल आपण तक्रार करतो. इथे विरोधकांचं नुकसान घाईने झालं. तारीख ज्याच्या मुठीत, त्याला ती पुढेही ढकलता येते आणि अलीकडेही ओढता येते.

खात्यांबद्दलच्या माझ्या म्हणण्याला केनिया छेद देतो, तेही सांगितलं पाहिजे. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर तिथे हजारावर माणसं मारली गेली, लाखो बेघर झाली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने 28 फेब्रुवारी 2008 ला राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी आणि विरोधी नेते राइला ओडिंगा यांचा करार झाला. अंतर्गत सुरक्षा आणि अर्थ दोन्ही किबाकींच्या बाजूला राहिली. चाळीस मंत्री होते, लोक त्याला अर्ध्या पावाचं सरकार म्हणत. तरी ते टिकलं. का? करार संसदेत कायदा होऊन राज्यघटनेत गेला. 2010 मध्ये सार्वमताने नवी घटना आली. पुढची निवडणूक कधी, यावर वाद झाला तेव्हा जानेवारी 2012 मध्ये उच्च न्यायालयाने नियम ठरवून दिला आणि निवडणूक आयोगाने 4 मार्च 2013 ही तारीख काढली. किबाकी किंवा ओडिंगा यांच्यापैकी एकाच्या मर्जीवर ती राहिली नाही. निकालावर ओडिंगा सर्वोच्च न्यायालयात गेले, हरले आणि हार मानली.

नेपाळमध्ये संविधान सभेची निवडणूक जून 2007 वरून नोव्हेंबरवर आणि तिथून 10 एप्रिल 2008 वर गेली. दुसऱ्या वेळी माओवादी सरकारातून बाहेरच पडले होते. पण प्रत्येक वेळी पुढे ढकलताना बदल्यात काहीतरी ठरलं, जागा 601 झाल्या, प्रजासत्ताकाचा शब्द दिला गेला. दक्षिण सुदानमध्ये 2018 च्या शांतता करारानंतर फेब्रुवारी 2020 ला सरकार आलं, पाच उपराष्ट्राध्यक्षांसह. निवडणूक डिसेंबर 2024 ला ठरली, मग डिसेंबर 2026 वर गेली. पुढे ढकलायला जे बसले होते तेच खुर्चीवर होते. मार्च 2025 मध्ये पहिले उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे विरोधी गटाचे नेते रिएक माचार, नजरकैदेत गेले.

हे सगळं लांबचं वाटेल. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, आणि स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. तिथे दंगल नव्हती, बंदूक नव्हती, फक्त न्यायालयातली तारीख पुढे जात राहिली.

मघाशी कोणीतरी विचारलं, दिल्लीत असं होऊ शकतं का? राज्यात राष्ट्रपती राजवट येते, तिला कमाल तीन वर्षांची मर्यादा आहे. केंद्रात तशी सोय नाही, पण आणीबाणी असेल तर संसद लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवू शकते. 1976 मध्ये ती दोनदा वाढवली. तेव्हा पुण्यात जन्मलेले, बिहारमधल्या बांका मतदारसंघाचे खासदार मधु लिमये तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, ती संपली, आता मी कोणाचा प्रतिनिधी, या मुद्द्यावर त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा पाठवला. त्यांच्याबरोबर शरद यादवांनीही दिला. विरोधी बाकांवरच्या बाकीच्यांनी वाढीव वर्ष घेतलं.