थाट जुना, कट पातळ

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरातली जुन्या थाटात सजवलेली मिसळीची हॉटेलं घ्या. संगमरवरी टेबलं, इनॅमलच्या थाळ्या, भिंतीवर प्रभातच्या बोलपटांची पोस्टरं. प्रभात 1929 साली कोल्हापुरातच निघाली, 1933 मध्ये पुण्याला गेली. तेव्हा पोस्टरांवर आपला हक्क आहेच. फळीवर वाल्व्हचा रेडिओ, तो बहुधा मुका. हे रेडिओवरूनच सांगावं लागतंय! मिसळ पुढ्यात येते आणि पहिल्या घासालाच हिरमोड होतो.

चूक बऱ्याचदा आदल्या दिवशीच झालेली असते. रविवारची मटकी शनिवारी पहाटे भिजत पडायला हवी. 8 ते 10 तास पाण्यात, मग निथळून फडक्यात 10 ते 12 तास. घाई केली तर दाताखाली कचकचते, फडक्यात पाणी राहिलं तर बुळबुळीत होऊन आंबूस वास मारते.

खरी गोम कटात, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्यात आहे. दहा प्लेटींना अर्धा किलो कांदा, 100 ग्रॅम सुकं खोबरं, दोन गड्डे लसूण, दोन इंच आलं, दोन चमचे तीळ, 200 मिली शेंगतेल. कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटायचं आणि कडेनं तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतायचं, चांगली 15-20 मिनिटं. मग आच बारीक करून पाच-सहा चमचे चटणी. चटणी म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मोठ्या आचेवर ती करपते, कट काळपट आणि कडू होतो. त्यावर अडीच लिटर उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर तवंग नीट धरत नाही. खोबरं जुनं असेल तर खवट वास कशानंही झाकत नाही.

तवंग बसला नाही की काही ठिकाणी वरून लाल तेल सोडतात. चमच्यानं तवंग बाजूला सारून बघा. खऱ्या तवंगात मसाल्याचा बारीक रवा दिसतो. सोडलेलं तेल नुसतं काचेसारखं झळकतं. वनस्पती तूप वापरलं असेल तर कट निवताना वाटीच्या कडेला मेणचट थर धरतो, टाळूला चिकटतो. शेंगतेलाचं तसं होत नाही.

इनॅमलची थाळी फोटोत छान, पण पत्रा पातळ, कट लगेच निवतो. त्यात कट घालून प्लेट पाच मिनिटं काउंटरवर राहिली की फरसाणाचा लगदा. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, ‘कट वेगळा, वाटीत द्या.’ ब्रेड स्लाइसचाच मागा. लोणी लावलेला बन कट पीत नाही.

साडेदहानंतर गेलात तर दुसरा कट जरूर मागा. उकळून आटलेल्या पातेल्यात पाणी ढकललं असेल तर दुसऱ्या वाटीचा रंग पहिलीपेक्षा फिका असतो. दोन्ही वाट्या शेजारी ठेवा आणि मालकांना बोलवा.