काळी शाई, हिरवं चांदणं

नमस्कार श्रोतेहो. चित्रकारावर रेडिओवरून बोलायचं म्हणजे अंधारात रांगोळी काढण्यातलाच प्रकार. पण आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याची सगळ्यात चांगली चित्रं रात्रीचीच आहेत. त्यामुळे फारसं बिघडणार नाही.

माणसाचं नाव फ्रेडरिक रेमिंग्टन. नाव ऐकलं नसेल, पण त्याचं काम तुमच्या डोळ्यांखालून नक्की गेलेलं आहे. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची कचेरी बातम्यांत दाखवतात, तेव्हा बरेचदा मागे उधळलेल्या घोड्यावर बसलेल्या काऊबॉयचा एक ब्राँझचा पुतळा दिसतो. तो याचाच. जुन्या वेस्टर्न सिनेमातली ती धूळ, ते घोडदळ, तेही बरंचसं याच्याकडूनच आलेलं. आपण रेमिंग्टनची धाटणी उचलायचा प्रयत्न केला, हे दिग्दर्शक जॉन फोर्डने स्वतःच सांगून टाकलं होतं.

जन्म ४ ऑक्टोबर १८६१चा, न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला कॅन्टन नावाच्या गावात. वडील यादवी युद्धात घोडदळाचे अधिकारी, आणि एरवी वर्तमानपत्र चालवायचे. म्हणजे घोडा आणि छापखाना दोन्ही घरातलेच. येल विद्यापीठात कला शिकायला गेला, पण चित्रकलेपेक्षा अमेरिकन फुटबॉलमध्ये जीव जास्त. १८८० साली वडील गेले आणि शिक्षण सुटलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोंटानात भटकून आला आणि एक रेखाटन ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाला पाठवून दिलं. ते १८८२मध्ये छापूनही आलं, पण तिथल्या पगारी चित्रकाराने नव्याने काढून.

मग कॅन्ससमध्ये जमीन घेतली आणि पाळली काय, तर मेंढरं! काऊबॉयचा हा चित्रकार स्वतः मेंढपाळ होता. वर्षभरात तेही विकलं. उरलेले पैसे कॅन्सस सिटीतल्या एका दारूच्या गुत्त्याच्या भागीदारीत घातले आणि बुडवले. नवी नवरी ईव्हा काही दिवस माहेरी निघून गेली. तिचं काही चुकलं, असं मला वाटत नाही.

नशीब फिरलं ते जानेवारी १८८६मध्ये. अपाची या मूळ रहिवाशांच्या जमातीतला योद्धा जेरोनिमो, त्याचा माग काढणाऱ्या वाटाड्यांचं त्याचं चित्र ‘हार्पर्स वीकली’च्या मुखपृष्ठावर झळकलं, या खेपेला त्याच्या स्वतःच्या नावाने. त्यानंतर मासिकांनी त्याला श्वास घ्यायला उसंत दिली नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टच्या पश्चिमेकडच्या लेखांना १८८८ साली चित्रं काढली तीही यानेच.

इथे जरा थांबतो, कारण छपाईची गोष्ट महत्त्वाची आहे. तेव्हा फोटो थेट मासिकात छापणं सोपं नव्हतं. चित्रकाराने काढायचं, मग खोदकाम करणाऱ्या कारागिराने ते कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर रेघ-रेघ कोरायचं, आणि त्यावर काळी शाई. रंगाला तिथे काय किंमत? म्हणून रेमिंग्टन कित्येकदा तैलरंगातलं चित्रसुद्धा काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांतच रंगवायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर हात आणि डोळा दोन्ही त्याच वळणाचे होतात.

घोडे मात्र त्याच्याइतके पळते कुणी काढले नाहीत. जुने चित्रकार भरधाव घोडा काढताना पुढचे पाय पुढे, मागचे मागे असा ताणायचे, लाकडी डुलत्या घोड्यासारखा. १८७८मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने फोटो काढून दाखवलं, की चारही पाय अधांतरी असतात ते पोटाखाली गोळा होतात तेव्हा. रेमिंग्टनने ते नेमकं हेरलं.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हा गडी राहायचा न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलमध्ये, ऐसपैस घरात. पश्चिमेकडे जायचा तो फेरफटक्याला, तोही बहुधा लष्करी अधिकाऱ्यांच्या सोबतीने. साहजिकच लष्कर आणि मूळ रहिवासी यांच्यातली लढाई त्याने पाहिली ती घोडदळाच्या खोगिरावरून. या रहिवाशांबद्दल आणि बाहेरून आलेल्यांबद्दल त्याच्या पत्रांत जी भाषा आहे, ती वाचताना तोंड कडू होतं.

आणि तरीही १८९५चं ते चित्र बघा, ‘काऊबॉयचा अस्त’. बर्फाळ माळ, करडं आकाश. दोन स्वार. एक खाली उतरून कुंपणाचं फाटक उघडतोय, दुसरा घोड्यावर बसून वाट पाहतोय, घोड्यांच्या माना खाली गेलेल्या. ना गोळीबार, ना धूळ. काटेरी तारेने मोकळी कुरणं संपवली, हे सांगायला त्याला एक फाटक पुरलं. मारामारीच्या शंभर चित्रांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

त्याच वर्षी त्याने पहिला ब्राँझचा पुतळा केला, सुरुवातीला सांगितलेला तोच. नाव झालं, पैसा आला. १९०३पासून ‘कॉलियर्स’ साप्ताहिक चित्रं छापण्याच्या हक्कासाठी महिन्याला १,००० डॉलर देऊ लागलं, वर मूळ चित्रं याच्याकडेच. पण सल गेला नाही. समीक्षक म्हणायचे, हा मासिकाचा चित्रकार, याला रंग कळत नाही. राष्ट्रीय कला अकादमीने १८९१मध्ये सहयोगी सभासद केलं, पुढची पायरी कधीच चढू दिली नाही.

त्यावर त्याने रात्रीचा रस्ता धरला. १८९९मध्ये कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स रोलो पीटर्सची रात्रदृश्यं त्याने पाहिली आणि मग दहा वर्षांत स्वतःची सत्तरेक केली. चांदण्यात रंग मावळतात, उरतात छटा. छटा तर तो छापखान्यासाठी जन्मभर घोटत आला होता! फक्त आता करड्याच्या जागी हिरवट, निळसर पाणी चढलं.

जुनी चित्रं त्याला बघवेनात. १९०७ आणि १९०८मध्ये त्याने कितीतरी कॅनव्हास घराबाहेर जाळून टाकले. ‘कॉलियर्स’साठी केलेल्या थोर संशोधक-प्रवाशांच्या मालिकेतले बहुतेक त्यातच गेले.

डिसेंबर १९०९मध्ये न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत प्रदर्शन लागलं. समीक्षकांनी यावेळी कौतुक करताना हात आखडता घेतला नाही. त्याने रोजनिशीत शिकाऱ्याच्या थाटात लिहिलं, की यांच्या मागावर मी कधीचा होतो, शेवटी शरण आले. त्याच महिन्यात अपेंडिक्स फुटलं. देह अवाढव्य, शस्त्रक्रिया अवघड. २६ डिसेंबरला तो गेला. वय ४८.

त्या शेवटच्या दिवसांतलं एक चित्र आहे, ‘चांदणं, लांडगा’. माणूस नाही, घोडा नाही, बंदूक नाही. ओढ्याकाठी एकटा लांडगा उभा आहे आणि थेट आपल्याकडे बघतोय. वर चांदण्यांचे ठिपके, तेच खाली पाण्यात. लांडग्याचे दोन डोळेही तसेच, दोन बारीक ठिपके. पहिल्या नजरेत त्या दोन चांदण्याच वाटतात.

नमस्कार.