पाच पानांपासून पाच हजार पुस्तकांपर्यंत

मंडळी, 1980 साली सीगेट कंपनीने छोट्या कॉम्प्युटरसाठी एक हार्ड डिस्क बाजारात आणली. क्षमता पाच मेगाबाइट, किंमत साधारण 1,500 डॉलर. आपल्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकाचं एक पान नीट, रंगीत स्कॅन केलं, तर फाइल साधारण एक मेगाबाइटची होते. म्हणजे मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेची दोन-तीन पानं, की डिस्क भरली.

आज एक टेराबाइटची, म्हणजे दहा लाख मेगाबाइटची, डिस्क चिपळूणच्या बाजारात काही हजार रुपयांत मिळते. तिच्यात दोनशे पानी पाच हजार पुस्तकं मावतात. 1980 च्या भावाने एवढी जागा घ्यायची तर तीस कोटी डॉलर मोजावे लागले असते.

त्याच्याही आधी, 1956 मध्ये, आयबीएम कंपनीचं रॅमॅक हे डिस्कवर माहिती साठवणारं यंत्र आलं. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनभर, आणि क्षमता चार मेगाबाइटच्याही आत! यंत्रणेचं महिन्याचं भाडंच 3,200 डॉलर. त्या तबकडीच्या एका चौरस इंचात दोन हजार बिट, म्हणजे शून्य किंवा एक दाखवणारे चुंबकीय ठिपके, बसत. आज तेवढ्याच जागेत एक लाख कोटींहून जास्त बसतात. सगळी स्वस्ताई आहे ती इथे. मोटर, पेटी, कामगाराची मजुरी यांत काही इतकी घट झाली नाही. अक्षर बारीक होत गेलं. म्हणूनच नव्या डिस्कची किंमत एका पातळीखाली उतरत नाही, तेवढ्याच पैशात जागा वाढते.

बारीक अक्षर वाचायला तशी नजर लागते. 1988 मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट पाहिली: अतिपातळ थरांच्या धातूंत चुंबकीय क्षेत्र किंचित बदललं, तरी विद्युतरोध खूप बदलतो. नऊ वर्षांत त्यावर आधारलेलं हेड, म्हणजे तबकडीवरचे ठिपके वाचणारा भाग, आयबीएमच्या डिस्कमध्ये बसलं. 2007 चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देतो.

भाव सरळ उतरत गेला, असंही नाही. 2011 मध्ये थायलंडात पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्क महागल्या.

पुराचं तुम्हाला मी काय सांगणार? 2005 आणि 2021, दोन्ही वेळा वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. लगदा झालेली पुस्तकं, एकमेकांना चिकटलेले दस्तऐवज तुम्ही स्वतःच्या हातांनी उचललेत. पूर नसला तरी आपली दमट हवा आहेच, कसर आहे, वाळवी आहे. डिस्कही यातून सुटत नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर ती चालू होईलच याचा भरवसा नाही. पण जागा इतकी स्वस्त झाली आहे की एका प्रतीवर भिस्त ठेवायचं कारण उरलेलं नाही. एक प्रत वाचनालयात, एक गावातच उंचावरच्या घरी, तिसरी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघायच्या.

खर्च आता हातांचा आहे. पान न फाडता उलटणारा, फाइलला पुस्तकाचं नाव आणि साल देणारा माणूस हवा. नाव नसलेल्या दहा हजार फाइल सापडून न सापडल्यासारख्याच. तेव्हा सुट्टीत घरी येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना या कामाला लावा, त्यांना मानधन द्या आणि तळमजल्यावरच्या सगळ्यात खालच्या फळीपासून सुरुवात करा.