पहिला एक्झॉस्ट घेताय? आधी सहाव्या गियरमध्ये ऐका

(कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी गाडीप्रेमींच्या रविवारच्या बैठकीतलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी ब्रेक पॅडवर बोललो तेव्हा उठता उठता चार-पाच जणांनी एकच विचारलं, की दादा गाडी नवीन घेतलीय, पहिलं मॉडिफिकेशन म्हणून एक्झॉस्ट टाकायचाय, कुठला टाकू? म्हणून आज तेवढंच. एक्झॉस्ट म्हणजे इंजिनचा धूर मागे बाहेर नेणारी पाईप आणि सायलेन्सरची सगळी जोडणी. मी माझ्या गाडीबद्दल बोलणार, टोयोटा जीआर ८६, कारण तिच्याखाली मी स्वतः झोपलोय, पाईप काढलेत, पुन्हा लावलेत. मियाटावाले, मस्टँगवाले, तुम्ही त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते घ्या.

आधी गाडीच्या खाली काय काय आहे ते डोळ्यासमोर आणा. इंजिनमधून धूर बाहेर पडतो तो हेडरमध्ये, म्हणजे सिलिंडरांना जोडलेल्या पाईपांच्या जुडग्यात, ८६ मध्ये पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धूर स्वच्छ करणारा भाग) त्या हेडरमध्येच बसवलेला आहे, मग ओव्हरपाईप, मग फ्रंट पाईप, त्यात दुसरा कॅट, आणि तिथून मागे जे सगळं, म्हणजे मधला पाईप, रेझोनेटर (नको असलेले सूर दाबणारा छोटा डबा), मफलर (आपला सायलेन्सर), टिप्स (बाहेर दिसणारी टोकं), त्याला म्हणतात कॅट-बॅक. फक्त शेवटचा मफलरचा भाग बदलला तर ॲक्सल-बॅक. पहिल्यांदा बदल करणाऱ्याने कॅटला आणि त्याच्या इंजिनकडच्या भागाला हात घालू नये असं माझं ठाम मत आहे. कॅलिफोर्नियात तर कायदाच तसा आहे, कॅट किंवा हेडर बदलायचा तर त्या पार्टला कार्बचा, म्हणजे इथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा, ईओ नंबर (मंजुरीचा क्रमांक) लागतो, नसेल तर स्मॉगवाला, म्हणजे धूर तपासणारा, नुसतं बघूनच नापास करतो, धूर कितीही स्वच्छ असो. नवीन गाडीला पहिली आठ मॉडेल वर्षं स्मॉग तपासणी लागत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण आठ वर्षं कधी सरतात कळत नाही आणि तोवर ओरिजिनल हेडर कुणाला तरी देऊन टाकलेला असतो.

आता इथे एक गैरसमज सांगतो, तो मी सारखा ऐकतो. लोकांना जुन्या सुबारूचा तो गुरगुरता, लंगडत चालल्यासारखा आवाज हवा असतो, आणि ८६ मध्ये पण सुबारूचंच बॉक्सर इंजिन आहे, समोरासमोर आडव्या सिलिंडरांचं, मग म्हणतात चांगला कॅट-बॅक टाकला की तसा आवाज येईल. नाही येत हो. तो आवाज मफलरमध्ये तयार होतच नाही. जुन्या सुबारूत हेडरचे पाईप लांबीला असमान असायचे, त्यामुळे एका सिलिंडरचा धक्का लवकर पोचायचा, दुसऱ्याचा उशिरा, आणि कानाला तो अडखळता ताल लागायचा. ८६ चे पाईप जवळपास समान लांबीचे, धक्के समान अंतराने येतात, आवाज सपाट. तुम्ही मागे कितीही महागडा डबा लावा, ताल पुढेच ठरलेला असतो. मफलर आवाज मोठा करेल, थोडा खर्जात नेईल, पण ताल बदलणार नाही.

तसंच पॉवरचं. जुन्या ८६ मध्ये, दोन लिटरच्या, मधल्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) टॉर्क, म्हणजे खेचण्याची ताकद, पडायचा आणि त्यावर उपाय म्हणून लोक हेडर बदलायचे, तो सल्ला अजून फिरतोय. आपल्या गाडीत, २०२२ मॉडेलपासून, २.४ लिटरचं इंजिन आहे, २२८ हॉर्सपॉवर, आणि सगळ्यात जास्त टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळतो, तो खड्डा बऱ्यापैकी भरलेला आहे. टर्बो नसलेल्या गाडीत नुसता कॅट-बॅक टाकून पॉवर मिळते ती अगदी किरकोळ. वजन मात्र खरंच कमी होतं, मागे लटकलेला तो जड डबा जातो. पण खरं सांगायचं तर आपण एक्झॉस्ट घेतो आवाजासाठी, हे स्वतःशी कबूल केलं की निवड सोपी होते. आणि कृपा करून तीन इंची पाईपच्या मागे लागू नका, टर्बो नाहीये, या गाडीला अडीच इंच पुरतात, उगाच रुंद पाईप केला की गॅसचा वेग पडतो.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी आज आलोय.

मी पहिला एक्झॉस्ट घेतला तो व्हिडिओ बघून. पार्किंगमध्ये उभी गाडी, रेव्ह करतायत, म्हणजे जागेवरच ॲक्सिलरेटर दाबतायत, काय आवाज, अंगावर काटा. रेझोनेटर नाही, सरळ आरपार मफलर, घेतला, दोन दिवस गल्लीत फिरवला, खूप आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात आई कोल्हापूरहून आली होती तिला घेऊन लॉस एंजेलिसला मावशीकडे निघालो, आय-५ ने. तुम्हाला तो रस्ता माहितीये, सरळ, सपाट, लिमिट ७० मैल, क्रूझ (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावायचं आणि बसायचं. आणि पहिल्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात घण बसायला लागले. आई काही बोलली नाही, तिने शाल कानावरून घेतली. केटलमन सिटीला थांबलो, तेव्हा गाडीतून उतरून म्हणाली, "अरे, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय. अजून किती?" अजून निम्मा रस्ता बाकी होता. मला इतकं वाईट वाटलं. ती सहा महिन्यांसाठी आलेली, पहिल्यांदा माझ्या गाडीतून लांब चाललेली, आणि सहा तास आम्हाला धड बोलताही आलं नाही.

ह्या घुमण्याला इथे ड्रोन म्हणतात. आपल्याकडे ड्रोन म्हटलं की उडणारं यंत्र आठवतं, पण हा ड्रोन म्हणजे तंबोऱ्यासारखा एकच सूर सतत लागून राहणं, फक्त तंबोरा सुखावतो आणि हा छातीत बसतो. हे का होतं ते नीट बघू, कारण ते कळलं की खरेदी करताना कोणी फसवू शकत नाही.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन स्फोट. माझ्या मॅन्युअल ८६ मध्ये सहाव्या गियरचं गुणोत्तर ०.७६७, फायनल ड्राइव्ह (चाकांजवळच्या शेवटच्या गियरचं गुणोत्तर) ४.१, चाक २१५/४०-१८, हा हिशोब मांडला तर ७० मैलांना इंजिन फिरतं बरोबर ३००० च्या आसपास. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. म्हणजे १०० हर्ट्झचा सूर, अगदी मंद्रातला, आणि तुम्ही तासन्‌तास बरोबर त्याच सुरावर बसून राहता. आता मफलर दोन तऱ्हेने आवाज खातो. एक, आत खोल्या पाडलेल्या असतात, लाट आपटून उलटी येते आणि दुसऱ्या लाटेला मारते. दोन, भोकं पाडलेला सरळ पाईप आणि त्याच्याभोवती फायबरग्लास किंवा स्टील वूल गच्च भरलेलं, आवाज त्यात मुरतो. हे दुसरं वरच्या सुरांना छान खातं, पण १०० हर्ट्झसारख्या खालच्या सुरांना जवळजवळ तसंच सोडून देतं. सरळ मफलर रेव्ह केल्यावर गोड लागतो आणि हायवेवर छळतो तो ह्यामुळेच.

आणि व्हिडिओत हे कळत का नाही? फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून १०० हर्ट्झ नीट वाजतच नाही. शिवाय फोन रेकॉर्ड करताना मोठा आवाज आपोआप दाबतो, बारीक आवाज चढवतो. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला त्रास देणार आहे, नेमकी तीच व्हिडिओतून गाळली जाते. म्हणून व्हिडिओ बघून एक्झॉस्ट घेणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, नका घेऊ. ज्याच्याकडे तो एक्झॉस्ट आहे त्याला शोधा, कॉफी पाजा, शेजारी बसा, हायवेला सहाव्या गियरमध्ये दहा मिनिटं जा, आणि मुख्य म्हणजे एखाद्या हलक्या चढावर जा, सुनोलचा चढ उत्तम, कारण इंजिनवर थोडा भार आला की ड्रोन सगळ्यात जास्त घुमतो. सपाटीवर गप्प बसणारा एक्झॉस्ट चढावर तोंड उघडतो.

मी त्यावर इलाज म्हणून जे-पाईप बसवला. म्हणजे मुख्य पाईपला बाजूने एक टोक बंद असलेला पाईप वेल्ड करायचा, लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते तोवर अर्धं आवर्तन झालेलं असतं, म्हणजे उलटी होऊन येते आणि मूळ लाटेला खोडते. लांबी लागते लाटेच्या पाव भागाएवढी. गरम एक्झॉस्टमध्ये ध्वनीचा वेग साध्या हवेपेक्षा जास्त, साडेचारशे मीटर धरला तर १०० हर्ट्झसाठी साधारण १.१ मीटर पाईप. सॅन होजेच्या एका वेल्डरने करून दिला, आणि ३००० चा ड्रोन खरोखर गेला, मला त्या दिवशी शाळेतलं फिजिक्स हातात आल्यासारखं वाटलं. पण २४००-२५०० ला जो घुमायचा तो तसाच राहिला, कारण हा उपाय एकाच सुरापुरता. शेवटी तो सेट काढला आणि मधला रेझोनेटर असलेला, मोठ्या मफलरचा कॅट-बॅक घेतला. ४५०० च्या वर तो मस्त गातो आणि ७० ला गप्प असतो.

अजून एक, बऱ्याच जणांना माहीत नसतं. ह्या गाडीत इंजिनचा आवाज स्पीकरमधून पण आत सोडतात, ॲक्टिव्ह साऊंड कंट्रोल. तुम्ही जो स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ, आवाज ऐकताय त्यातला काही भाग स्पीकरचा आहे. एक्झॉस्ट घ्यायच्या आधी ते बंद करून आठवडाभर गाडी चालवा, मग कळेल तुम्हाला खरंच काय कमी पडतंय.

मटेरियलचं पटकन सांगतो. स्वस्तात ४०९ स्टेनलेस असतं, त्यात क्रोमियम कमी, वरून तांबूस गंज धरतो पण वर्षानुवर्षं टिकतं. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आपल्या घरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांवर १८/८ लिहिलेलं असतं ना, तेच. लोहचुंबक घेऊन जा, ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळपास चिकटत नाही. कॅलिफोर्नियात सखल भागातल्या रस्त्यांवर मीठ टाकत नाहीत, ताहोच्या बर्फात सारखं जात नसाल तर ४०९ ने काही बिघडत नाही. शिकागो-न्यू जर्सीकडच्या आपल्या माणसांनी ३०४ च घ्यावं. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं, पण भिंत पातळ, आवाज थोडा पत्र्यासारखा, आणि किंमत बघून तुम्हीच ठरवा. पहिल्या वेळेला नको.

आवाजाचा कायदा. इथे ६००० पाऊंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा, गाडी उभी, माईक टिपपासून २० इंचांवर ४५ अंशात, इंजिन ठरलेल्या आरपीएमवर. पूर्वी तिकीट मिळालं तर दुरुस्त करून दाखवा आणि सुटा, असं होतं, १ जानेवारी २०१९ पासून आवाजाच्या बाबतीत ती सवलत गेली, थेट दंड. त्यामुळे विक्रेत्याला लिहून मागा की ह्या टेस्टला किती येतो, आणि तो कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. जपानी एक्झॉस्टवर जस्माची (तिथल्या मफलर बनवणाऱ्यांच्या संघटनेची) पट्टी असेल तर तो जपानच्या आवाजाच्या नियमात बसवून केलेला असतो, ती इथल्या पोलिसासमोर पुरावा म्हणून चालणार नाही, पण बनवणाऱ्याने आवाजाचा विचार केलाय एवढं समजतं. लगुना सेकाच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक-डेला, म्हणजे स्वतःची गाडी पळवायला, जायचं असेल तर तिथेही आवाज मोजतात आणि मर्यादा ओलांडली की काळा झेंडा, म्हणजे ट्रॅकवरून बाहेर, दिवस वाया.

आणि शेजारी. थंड इंजिन चालू केलं की कॅट लवकर तापावा म्हणून गाडी स्वतःच आरपीएम चढवते, ते पहिलं मिनिट दिवसभरातलं सगळ्यात कर्कश असतं, आणि तुम्ही ते सकाळी साडेसहाला करता. डेसिबलमध्ये १० ची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, हे लक्षात असू द्या. माझ्या शेजारी तान्हं बाळ आहे. मी कॅट-बॅक लावायच्या आधी त्यांना जाऊन सांगितलं आणि पहिल्या सकाळी नंतर विचारलं की ऐकू आलं का. ते "नाही" म्हणाले तेव्हाच जुना मफलर मी माळ्यावर टाकला. टाकला म्हणजे ठेवला, विकू नका, गाडी विकताना लागतो.

कोणीतरी विचारलंय, पुण्यात भाच्याला असाच एक्झॉस्ट पाठवू का? नका. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला फार थोडी जागा आहे, आणि पुणे पोलिसांनी मॉडिफाय केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेला फोटो त्याने तुम्हाला आधीच पाठवला असेल.

लावताना घाई करू नका. गाडी पूर्ण थंड, नुसत्या जॅकवर कधीच नाही, जॅक स्टँड लावूनच खाली जायचं. बोल्टना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑईल, रबरी हँगरना साबणाचं पाणी, नवीन गॅस्केट. आणि टिप बंपरला चिकटवून सुंदर दिसेल अशी बसवू नका, बोटभर फट सोडा. स्टील तापलं की वाढतं, ३०४ चा दोन मीटर पाईप अडीचशे अंश सेल्सिअसने तापला तर साडेआठ-नऊ मिलिमीटर लांब होतो, आणि बंपर प्लास्टिकचा आहे. पन्नास-शंभर मैलांनंतर सगळे बोल्ट परत आवळा.

चला, गाडी बाहेर उभी आहे, सकाळपासून बंद, थंडगार. आधी सगळे मागे उभे राहून कोल्ड स्टार्ट ऐका, मग एकेक जण शेजारी बसा, ६८० ने सुनोलच्या चढापर्यंत जाऊन परत येऊ, सहाव्या गियरमध्ये, रेडिओ बंद करून. ज्यांच्याबरोबर आई-बाबा आलेत त्यांनी आधी आई-बाबांना बसवा.