आधी विग्रह, मग शब्दकोश

(नाशिकमध्ये मराठी माध्यमातून आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून आलेली मुलं समोर बसली आहेत, त्यांचे आईवडील आहेत, शिक्षकही बरेच आहेत. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

इंग्रजी वाचताना मुलं कुठे अडतात असं विचारलं, की बहुतेक जण म्हणतात, अवघड शब्दांपाशी. मला तसं वाटत नाही. अवघड शब्द आला की आपण अडलोय हे निदान कळतं, आणि मूल कोश उघडतं. फसगत होते ती दोन सोपे शब्द एकत्र आले की. 'ग्रेप' ठाऊक आहे, नाशिकच्या मुलाला तर जरा जास्तच ठाऊक आहे. 'फ्रूट' ठाऊक आहे. मग 'ग्रेपफ्रूट' म्हणजे द्राक्षच, असं धरून ते पुढे जातं. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या कुळातलं मोठं, आंबट-कडसर फळ. झाडाला ते द्राक्षांसारखं घोसाने लागतं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. वाचणाऱ्या मुलाला आपण चुकलो याचा पत्ताही लागत नाही, आणि पुढचा सगळा परिच्छेद द्राक्षबागेत घडत राहतो.

अशा जोडशब्दांनी इंग्रजी खच्चून भरलेली आहे. रोज नवे बनतात, त्यामुळे पाठ करून ते संपणार नाहीत. पण ते सोडवायची विद्या मराठी माध्यमाच्या मुलाला शाळेतच मिळालेली असते. तिचं नाव समास. दुर्दैव असं, की समास आपण परीक्षेतल्या गुणांपुरता शिकवतो. विग्रह करा, म्हणजे जोडशब्द फोडून पदांमधलं नातं सांगा, नाव लिहा, गुण घ्या, संपलं. मराठीच्या तासाला शिकलेली गोष्ट पुढच्याच तासाला इंग्रजीत वापरता येते, हे मुलाला कुणी सांगत नाही. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच खोलीत चहा पितात, पण समासाबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि समास ही काही इंग्रजीला परकी गोष्ट नाही. जोडशब्दांचा शिस्तशीर विचार आपल्याकडच्या वैयाकरणांनी इतका बारकाईने केला, की इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांत तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही ही नावं आजही जशीच्या तशी रोमन लिपीत छापलेली सापडतात. तिकडचे विद्यार्थी ती कष्टाने पाठ करतात. आपली मुलं ती नववी-दहावीतच ऐकून बसलेली असतात.

आता 'गाडी' हा शब्द घ्या. बैलगाडी म्हणजे बैलांनी ओढलेली गाडी. मग मालगाडी म्हणजे मालाने ओढलेली का? नाही, माल वाहून नेणारी. हातगाडी हाताने ढकलायची. आगगाडी आगीच्या जोरावर चालायची. आणि बाबागाडीत बाबा नव्हे, तान्हं बाळ बसतं. पाचही शब्दांत गाडी तीच, पण पहिल्या शब्दाशी तिचं नातं दर वेळी वेगळं. ते नातं सांगणारा शब्द मधून गळून गेलाय, म्हणून तर आपण अशा समासाला मध्यमपदलोपी म्हणतो. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. 'भरून केलेली' एवढा भाग बोलणारा गाळतो, ऐकणारा मनात भरून घेतो.

इंग्रजी नेमकं हेच करते. 'ऑलिव्ह ऑईल' म्हणजे ऑलिव्हपासून काढलेलं तेल. 'बेबी ऑईल' म्हणजे बाळाच्या अंगाला लावायचं तेल. 'इंजिन ऑईल' म्हणजे इंजिनात घालायचं तेल. 'मिल्कमन' दूध घेऊन येतो, 'फायरमन' आग विझवायला येतो, आणि 'स्नोमन' हा बर्फाचाच केलेला असतो. इंग्रजी वाक्यात कुठेही 'पासून', 'साठी', 'चा' असं काही लिहिलेलं नसतं. ते आपण शोधायचं. म्हणून माझा आग्रह असा, की जोडशब्द दिसला की त्याचं भाषांतर करायच्या आधी विग्रह करा, आणि तो मराठीत करा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आहेत, शब्दयोगी अव्ययं आहेत. 'ने', 'ला', 'साठी', 'पासून', 'चा', 'त' एकेक लावून पाहिलं की कोणतं बसतं ते बहुतेक वेळा पटकन कळतं.

विग्रह कुठून सुरू करायचा? शेवटून. आपल्या तत्पुरुषात दुसरं पद प्रधान असतं, तसंच इंग्रजीत. 'हाऊसबोट' ही बोट आहे. श्रीनगरला दल सरोवरात दिसते ती, राहायची सोय असलेली. 'बोटहाऊस' हे घर आहे, नदीकाठी नावा ठेवायचं. शब्द तेच दोन, क्रम उलटा, वस्तू वेगळी. 'रेसहॉर्स' हा घोडा आणि 'हॉर्सरेस' ही शर्यत. मुलं डावीकडून वाचत येतात आणि पहिल्या ओळखीच्या शब्दाला चिकटतात, म्हणून ग्रेपफ्रूटचं द्राक्ष होतं. शेवटचा शब्द 'फ्रूट' आहे, म्हणजे हे कुठलं तरी फळ, एवढीच खात्री आधी करायची. कुठलं, हा पुढचा प्रश्न. काही शब्दांत मुख्य पद सुरुवातीला असतं, 'मदर-इन-लॉ'सारखं. तिथे अनेकवचन बघा. दोन सासवा असल्या तर 'मदर्स-इन-लॉ' होतं, शेवटच्या 'लॉ'ला काहीही लागत नाही. अनेकवचनाचा प्रत्यय ज्या पदाला लागला, ते घरातलं मुख्य माणूस.

आता बहुव्रीही. इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही इथेच आहेत. नीलकंठ म्हणजे निळा कंठ नव्हे. ज्याचा कंठ निळा आहे तो, शंकर. दोन्ही पदं बाहेरच्या तिसऱ्याकडे बोट दाखवतात. खुद्द 'बहुव्रीही' हा शब्दही तसाच: पुष्कळ भात ज्याच्याकडे आहे तो. इंग्रजीतला 'रेडहेड' म्हणजे लाल डोकं नव्हे, तांबूस केसांचा माणूस. 'पेपरबॅक' म्हणजे पाठ नव्हे, ज्याची पाठ साध्या कागदाची आहे असं पुस्तक. मग यातला आणखी एक प्रकार, क्रियापद आधी असलेला. 'पिकपॉकेट' हा कुठल्याही प्रकारचा खिसा नाही. खिसा मारतो तो, आपला खिसेकापू. 'स्केअरक्रो' हा कावळा नाही. कावळ्यांना भिववतं ते, आपलं बुजगावणं. इथे 'शेवटचं पद प्रधान' हा नियम लावला, तर शेतात कावळा उभा राहील. म्हणून मी मुलांना दोन पायऱ्या सांगतो. आधी विचारा, ही वस्तू शेवटच्या शब्दाचा एखादा प्रकार आहे का? वाक्यात ते बसत नसेल, तर विचारा, हे ज्याचं आहे किंवा हे जो करतो, असा तिसरा कुणी आहे का? दुसरा प्रश्न सुचायला बहुव्रीही शिकलेला असावा लागतो, आणि आपल्या मुलांनी तो शिकलेला आहे.

द्विगुसाठी तर नाशिककरांनी दूर जायलाच नको. पंचवटी, पाच वडांचा समूह. नवरात्र, नऊ रात्रींचा समूह. इंग्रजीत असे शब्द थोडे, पण एक नक्की लक्षात ठेवा: 'फोर्टनाईट'. त्यात किल्ला नाही. 'फोर्टीन नाइट्स', चौदा रात्री, झिजत झिजत तो शब्द झाला. आपला पंधरवडा.

द्वंद्वाच्या बाबतीत मात्र दोन भाषांची वाट वेगळी होते, आणि आपली मुलं हमखास चुकतात. मराठीत द्वंद्व पावलोपावली: आईवडील, भाऊबहीण, मीठभाकर. इंग्रजीत तो फार कमी; 'बिटरस्वीट', आपलं कडूगोड, असे मोजके शब्द. दोन नामं एकत्र आणायची तर इंग्रजीला मध्ये 'अँड' लागतो, नाहीतर 'पेरेंट्स'सारखा वेगळा शब्द. म्हणून 'माय मदर-फादर लिव्ह इन येवला' हे वाक्य शब्दाशब्दाने इंग्रजी असलं, तरी आतून मराठी द्वंद्व आहे. हे सांगताना मुलाला हसू नका. त्याने व्याकरण बरोबर वापरलंय, फक्त घरचं वापरलंय.

उच्चाराबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण पाठ्यपुस्तकात त्याला जागाच नसते. मराठीत आघातावरून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो टिपत नाही. इंग्रजी जोडशब्दात जोर बहुधा पहिल्या पदावर पडतो. 'ग्रीन'वर जोर दिला तर ग्रीनहाऊस: दिंडोरी भागात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, त्या जातीचं रोपांचं घर. 'हाऊस'वर जोर दिला तर हिरवा रंग दिलेलं कुठलंही घर. सगळ्यात बोलकं उदाहरण 'इंग्लिश टीचर'. जोर 'इंग्लिश'वर, तर इंग्रजीचे शिक्षक: षष्ठी तत्पुरुष. जोर 'टीचर'वर, तर इंग्लंडचे असलेले शिक्षक, मग ते गणित का शिकवेनात: कर्मधारय, म्हणजे पहिलं पद दुसऱ्याचं विशेषण. लिहायला दोन्ही सारखेच. इथे बसलेल्या इंग्रजीच्या सरांनी स्वतःची ओळख करून देताना जोर 'टीचर'वर टाकला, तर ऐकणारा इंग्रज त्यांना आपल्या देशाचे समजेल.

आता या विद्येच्या मर्यादा. विग्रहाने अर्थाच्या जवळ पोचता येतं. अर्थ ठरवते ती रूढी. 'ब्लॅकमेल'मधला 'मेल' टपालाचा नव्हे. तो जुना शब्द आहे, खंडणी या अर्थाचा. स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून ती उकळत. 'डेडलाईन' ही एके काळी खरोखरची रेघ होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, युद्धकैद्यांच्या छावणीत ती आखलेली असे आणि ओलांडणाऱ्यावर पहारेकरी गोळी झाडत. 'कपबोर्ड' ही आधी कप ठेवायची फळी होती, मग कपाट झालं आणि उच्चारही 'कबर्ड' असा आवळला गेला. काही शब्द तर जोडशब्दच नसतात, नुसते तसे दिसतात. 'कॉकरोच' हे स्पॅनिश 'कुकाराचा'चं इंग्रजांनी केलेलं रूप आहे, त्यात कोंबडा नाही. 'हॅम्बर्गर'मध्ये 'हॅम' नाही, हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं शहर आहे. मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांनीच तो 'हॅम' अधिक 'बर्गर' असा फोडला आणि त्यातून 'चीजबर्गर' घडवला. चुकीचा विग्रहसुद्धा भाषेत नवा शब्द जन्माला घालतो, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

उलट कधी कधी शेतकरी घरातलं मूल शहरातल्या मुलाच्या पुढे असतं. 'रूटस्टॉक' म्हटलं की दुकानातला स्टॉक आठवणारा गोंधळतो. द्राक्षबागायतदाराच्या मुलाने घरी डॉगरिज या द्राक्षजातीच्या खुंटावर कलम भरताना पाहिलेलं असतं. रूटस्टॉक म्हणजे तोच खुंट. 'स्टॉक' या शब्दाचा जुना अर्थच झाडाचा बुंधा, खुंट. किंवा 'ग्राउंडनट' पहा. आपण भुईमूग म्हणतो, ते ग्राउंडनट म्हणतात. भुई दोघांनाही दिसली. पुढे आपल्याला मूग दिसला, त्यांना नट.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला लागलेल्या मुलांसाठी थोडं बोलतो. यंत्राच्या पुस्तिकेत नामांची रांगच्या रांग येते: 'कूलिंग वॉटर पंप मोटर बेअरिंग टेंपरेचर'. एकही शब्द नवा नाही, तरी छातीत धडकी भरते. शेवटून सोडवा. तापमान. कशाचं? बेअरिंगचं. कुठल्या? मोटरच्या. मोटर काय चालवते? पंप. पंप काय ढकलतो? पाणी. पाणी कशासाठी? थंड करण्यासाठी. पाच प्रश्नांत वाक्य हातात येतं. कधी कधी रांगेत विशेषण असतं आणि ते कुणाचं ते कळत नाही. 'स्मॉल कार फॅक्टरी': लहान गाड्यांचा कारखाना, की गाड्यांचा लहान कारखाना? अशा वेळी मागचा-पुढचा मजकूर पाहायचा, किंवा जोडरेघ दिली आहे का ते पाहायचं. ही रेघ क्षुल्लक समजू नका. बिबट्याची बातमी आपल्याकडे नवी नाही. 'मॅन-ईटिंग लेपर्ड' मध्ये रेघ आहे तोवर तो नरभक्षक बिबट्या आहे. रेघ काढली, की माणूसच बिबट्या खातोय असं वाचता येतं.

शिक्षकांना एक विनंती. जोडशब्दांच्या अर्थासकट याद्या मुलांना पाठ करायला देऊ नका. एक पद घ्या आणि त्याचं कुटुंब गोळा करा. 'फ्री' घ्या: 'शुगर-फ्री' म्हणजे फुकट साखर नव्हे, साखर नसलेलं, हे एकदा विग्रहाने कळलं की 'ड्यूटी-फ्री' समजावून सांगावं लागत नाही. 'लेस' घ्या: 'सीडलेस' द्राक्षं इथे सगळ्यांना माहीत आहेत, तिथून 'प्राइसलेस'वर या आणि ते आपल्या 'अनमोल'शेजारी लिहा. मग 'प्रूफ' घ्या. 'वॉटरप्रूफ', पाणी आत येऊ न देणारं. 'फायरप्रूफ', आगीला दाद न देणारं. 'चाइल्डप्रूफ', लहान मुलाला उघडता येणार नाही असं. प्रत्येकाचा मराठी विग्रह मुलांना वहीत लिहू द्या, आणि 'साउंडप्रूफ'चा अर्थ कोश न उघडता त्यांनाच विचारा.